विरजणाचा हात

सकाळी उठून कुणी सूर्याला हात जोडतं, कुणी तुळशीला, कुणी नुसतंच आभाळाला. वनिता गलांडे काचेवर हात ठेवायची.

ती काच हरितगृहाच्या दाराला होती, छातीच्या उंचीवर, पोळपाटाएवढी. उजवा तळवा टेकला की आतून निळसर उजेड फिरायचा, रेघांमधून, बेचक्यांमधून, नखांच्या कडेकडेनं. मग डावा. मग काच हिरवी व्हायची आणि दाराची कडी आपसूक सरकायची. गावात चेष्टा चालायची की वनिताचं भविष्य रोज सकाळी बघतात, एवढं तर राजाचंही कुणी बघत नसेल. पण काच भविष्य सांगत नव्हती, ती काल सांगायची. काल हे हात कशाला शिवले, कुठं साबण लागला, कुठं औषध लागलं. सासूनंसुद्धा कधी सुनेची एवढी झडती घेतली नसेल.

आत पाऊल टाकलं की ऊब अंगावर यायची, बाळंतिणीच्या खोलीत येते तशी. वर आरपार दिसणारं छत, खाली दोऱ्यांवर चढलेले काकडीचे वेल, लाल-पिवळी ढोबळी मिरची, आणि वाफ्यांच्या मधोमध लांबलचक चरात पसरलेला खताचा काळा ढीग. वनिता पदर खोचायची, गुडघे टेकायची आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात घालायची. आधी चटका बसायचा. मग ढीग हात ओळखायचा. चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती तशीच रांगत जायची, खालचं वर, वरचं खाली, झोपलेल्या लेकराची कूस आई बदलते तसं. उन्हं चढेपर्यंत हे चालायचं. सात वर्षांत एका दिवसाचा खाडा नव्हता.

कोंढारवाडी उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. तिन्ही अंगांनी पाणी आणि मधे केळीच केळी. केळ मोठी अभागी. आयुष्यात एकदाच घड देते, आणि घड उतरला की तिचा खांब कापून टाकतात. पूर्वी हे खांब बांधाबांधावर कुजत पडायचे आणि गावभर डास माजायचे. मग बायकांचा उत्पादक संघ निघाला. चाळीस घरांतल्या चाळीस जणी. त्यांनी खांब दळणारं यंत्र आणलं, त्या चोथ्यात उसाचं पाचट, डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या आणि शेण कालवलं, आणि हरितगृहाच्या पोटातच खत लावलं. बाहेर नाही, आत.

आत लावण्यात शहाणपण होतं. खत कुजतं म्हणजे कोट्यवधी जिवाणू एका पंगतीला बसतात. जेवता जेवता तेही आपल्यासारखा श्वास सोडतात, आणि त्यांच्या जेवणाची ऊब निघते. उघड्या उकिरड्यावर तो श्वास वाऱ्यावर जातो. बंद हरितगृहात तोच कार्बन डायऑक्साइड पानांच्या तोंडाशी राहतो, आणि पानं त्याच्यावरच तर जगतात. इथवर जगाला ठाऊक होतं.

कोंढारवाडीच्या ढिगात सापडलं ते निराळं. तिथं सुतासारखा बारीक, पांढुरका एक जिवाणू वाढला होता आणि तो एक रस सोडत होता. त्या रसाचा वास मुळांना लागला की मुळं अशी फुटत, जशी काही सारी माती आपलीच आहे. काकडी निम्म्या दिवसांत तोडणीला यायची, आणि चवीला अशी की मीठ मागे राहावं. पण त्या जिवाणूत एक खोट होती. त्याला जगायला जे एक जीवनसत्त्व लागे, ते त्याला स्वतःला करता येत नव्हतं. ते करणारा त्याचा सोबती भलतीकडेच राहत होता, माणसाच्या तळहातावर, घामाच्या ओलीत. हाताबरोबर तो ढिगात उतरे, एक दिवस जगे, ढिगाच्या उष्म्यानं मरे. एका मुक्कामाचा पाहुणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात हवा. डॉक्टर फरहाना नायकवडी, सोलापूरच्या, हे शोधून काढणाऱ्या त्याच. त्यांनी तो सोबती काचेच्या बशीत वाढवून पाहिला, बाटलीत पाहिला, रबरी कातड्याच्या यंत्रहातावर पाहिला. कुठंच तो रुजला नाही. बायका म्हणाल्या, मॅडम, हे तर विरजण झालं, रोज घरातूनच घ्यावं लागतं. फरहाना मॅडम हसल्या आणि पुढे त्यांनीही तोच शब्द धरला.

मग हात शोधायची वेळ आली. गड्यांचे हात तपासले, तर प्रत्येकाच्या तळव्यात तंबाखूबरोबर मळलेला चुना मुरलेला. फवारणीवाल्यांचं विचारायलाच नको. म्हाताऱ्यांच्या बोटांना मिसरी. पोरींच्या हातांना दिवसभर सॅनिटायझर. राहिल्या संसारी बायका, तर त्यांच्या बोटांना हळद. आज हिची ओटी, उद्या तिचं हळदीकुंकू, शुक्रवार, गौर, बोडण. आणि तो नाजूक सोबती कच्च्या हळदीला असा भितो, जसं मांजर पाण्याला.

एकटीचे हात निघाले, वनिताचे.

तिचा नवरा अनिल पलीकडच्या काठाला जाताना होडी उलटून गेला, त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्या दिवसापासून वनिताच्या हाताला कच्ची हळद लागली नव्हती, कारण कुणी लागू दिली नव्हती. घरात स्वयंपाक थोरल्या जाऊबाईंचा, विजयाआक्कांचा. वनिताकडे गोठा, शेण आणि उकिरडा. ओटी भरायची असली की ती आपण होऊन उठून मागल्या दारी जायची. तिला उठवायची वेळ कुणावर आली नाही, एवढी ती शहाणी. जो हात सवाष्णीच्या सुपाला शिवलेला चालत नव्हता, तोच हात काचेनं निवडला. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या आणि तिला नारळ दिला.

नाव पडलं विरजणाचा हात. आणि नावाबरोबर नेम आले. साबण नाही, बेसनानं हात धुवायचे. भांड्यांना शिवायचं नाही. ताप आला तर गोळी आधी मॅडमना विचारून. शिजलेली हळद तशी बाधत नव्हती, मॅडम स्वतः सांगायच्या, पण संघाच्या बायका म्हणाल्या, नको गं जोखीम, आपण हातानं जेवतो. तेव्हापासून वनिताचं कालवण वेगळ्या पातेल्यात व्हायचं, बिनहळदीचं, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखं पांढुरकं. आणि मुक्काम नाही. माहेर बार्शीकडे, सकाळचं काम उरकून जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. आई गेली तेव्हाही ती अशीच जाऊन आली. तेराव्याला भाऊ म्हणाला, ताई, तुझ्यापेक्षा एसटी जास्त वेळ थांबते.

तिला कुणी कोंडलं नव्हतं हो. दारं सताड उघडी होती. वाईट वागवत होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. येता-जाता बायका तिच्यासाठी वाट सोडायच्या. पूर्वीही सोडायच्याच. आता मानानं सोडायच्या, एवढाच फरक, आणि वाटेवर ती तेव्हाइतकीच एकटी असायची. हात दोन्ही बाजूंना जरा उचलून चालायची सवय तिला लागली होती, ओल्या रंगाचे असावेत तसे. आणि ढीग परतताना कधी कधी तिच्या तोंडून ओवी निघायची, तिची तिलाच:

हात माझे गेले बाई, मातीच्या सासरी,
माहेराला येतील का गं, एखाद्या दुपारी?

तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेनं ठराव केला: आजपासून गावात विधवा प्रथा बंद. कुणाची बांगडी फोडायची नाही, कुणाचं कुंकू पुसायचं नाही, प्रत्येकीला हळदीकुंकवाचा मान. वेशीवर तशी मोठी पाटी लागली आणि बातमी लांबवर गेली. सोहळा झाला. सुलभाकाकू, तानूमावशी, पलीकडच्या वस्तीवरची मथुरा, सगळ्यांना मंचावर बसवून हळदीकुंकू लावलं. कुणी हसलं, कुणी रडलं. वनिताही मंचावर होती, मधल्या खुर्चीवर. करंडा तिच्यापर्यंत आला आणि थांबला. विजयाआक्का संघाच्या अध्यक्षा. त्या माईकवर म्हणाल्या की आमच्या वनिताचा मान सगळ्यांत मोठा आहे, तिच्या हातात आपल्या चाळीस चुली आहेत, म्हणून तिला आपण साडी देऊ या. करंडा पुढच्या खुर्चीकडे गेला. टाळ्या मोठ्या पडल्या. वनिता हात उचलून बसली होती, मांडीवरच्या साडीलाही न शिवता.

पहिली बंदी निदान बंदीसारखी दिसत होती. तिच्यावर चिडता येत होतं. हिच्यावर कसं चिडायचं, ते तिला कळेना.

ठरावाला तीन वर्षं झाली, त्या साली श्रावणात तिच्या लेकीचं, समीक्षाचं, लग्न ठरलं. बार्शीचं स्थळ, मुलगा शाळेत शिक्षक, तिथी मार्गशीर्षातली. समीक्षानं एकच गोष्ट मागितली. बैठकीत सगळ्यांदेखत, आवाज न चढवता ती म्हणाली, "पहिली हळद मला मम्मीच्या हातची पायजे."

बैठकीत चहाचे कप वाजले.

नंतर संघाची सभा भरली. फरहाना मॅडम मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी दरवर्षी सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. एका हातावर ढीग ठेवणं धोक्याचं आहे. आणखी चार-पाच हात तयार करता येतील. वनिताताईंच्या हातालगत रोज हात घालायचे, तीनेक महिन्यांत सोबती कातडीवर घर करतो. मग पाळी लावा, कुणालाच अडकायला नको. अट एकच, तेवढ्या दिवसांत कच्ची हळद नाही.

तीन महिने म्हणजे मंगळागौर, गौरी, नवरात्र, दिवाळी. बायकांनी बोटांवर मोजलं आणि माना खाली घातल्या. कुणी म्हणालं, घरात सासू आहे. कुणी म्हणालं, नवी सून आहे, तिच्यापुढं कसं दिसेल. मग शोभा बोलली. तिचा नवरा ट्रकवर होता. "मॅडम, माझा माणूस रोज रस्त्यावर असतोय. सणासुदीचं मी हात कोरडं ठिवायचं? काय बरंवाईट झालं म्हंजे?"

बोलून झाल्यावर तिचं लक्ष वनिताकडे गेलं. सगळ्यांचंच गेलं. वनितानं भिंतीवरच्या पालीकडे पाहिलं.

वाट विजयाआक्कांनीच काढली. त्या हुशार बाई, संघ त्यांच्याच जिवावर उभा होता. त्या म्हणाल्या की एवढ्यासाठी कुणाचा सण मोडायला नको. दवाखान्यातले हातमोजे असतात ते घालून वनितानं हळद लावावी. लेकीची इच्छाही राहील आणि ढीगही राहील. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी म्हणालं, बघा, विज्ञानाला किती वाटा असतात.

समीक्षाला हे आईनंच सांगितलं. फुगवट्याच्या काठावर दोघी बसल्या होत्या, समोर पाण्यात बगळे.

"मोजे घालून?" समीक्षानं विचारलं.

"हळद हळदच आसतीय, समे."

"मग मशीनच आणा की हळद लावायचं. तुझा तरी ताप कशाला." मग जरा थांबून ती म्हणाली, "मम्मी, तू मला शेवटचा हात कधी लावलास, आठवतंय? मी सोळाची हुते. आंघूळ करून आले, साबणाचा वास होता, म्हणून तू हात मागं घेतलास. तवापासनं मी हिशेब सोडलाय."

वनिताला ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं, हेच तिला रात्रंदिवस टोचत राहिलं. चाळीस चुलींचं तिला खरंच वाटत होतं. शोभाचं नवं घर, मथुराच्या नातवाचं शिक्षण, सगळं त्या ढिगाच्या उबेवर होतं. हात काढून घेतला तर किती जणांच्या तोंडातून घास काढल्यासारखं. आणि नाही काढला, तर लेक उंबऱ्यावरून कोरडीच जाणार. दोन्ही बाजूंनी पाणी, आणि मधे उभं राहायला तळव्याएवढी जागा. "मोजं मऊ आसत्यात गं," ती लेकीला म्हणाली.

हळदीचा दिवस उजाडला. दारात मांडव, जात्याला आंब्याची डहाळी बांधलेली. पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावला, हळकुंडं पडली आणि घाणा सुरू झाला. जातं गरगरलं तसा आवाज उठला:

जात्याच्या खुंट्याला गं, बांधिली आंब्याची डहाळी,
लेक माझी निघाली बाई, उन्हाच्या आधी सकाळी.

वनिता मांडवाच्या खांबापाशी उभी होती. अंगावर मंचावर मिळालेली साडी, हातांत निळे मोजे, मनगटावर चिकटपट्टीनं पक्के केलेले. चिकटपट्टी विजयाआक्कांनी स्वतः लावली होती, कड नीट दाबून. वनिताला तो दाब ओळखीचा वाटला. अनिल गेला त्या दिवशी हीच बोटं तिच्या मनगटावर होती. तेव्हा त्यांनी बांगड्या फोडल्या होत्या, तेही हळूच, लागू नये म्हणून एकेक करून.

पाटावर समीक्षा बसली, गुडघे जवळ घेऊन. वनिताला पुढं बोलावलं. तिनं वाटीतली हळद घेतली आणि लेकीच्या गालाला लावली. रबर गालावर कुईकुई वाजलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्यांदा बोटं फिरवताना मोज्यात केसाची बट अडकली, समीक्षानं मान आखडली, पण हसली. वनिता लावत राहिली, गाल, हनुवटी, कपाळ. हाताला काहीच कळत नव्हतं. गरम का गार, मऊ का खरखरीत, काही नाही. मोजा मोज्यालाच शिवत होता जणू.

मग तिला दिसलं, हळदीतून एक रेघ खाली उतरलीय. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत, आणि रेघेच्या वाटेवरची हळद ओली, गडद. लेक रडत होती. कधीची रडत होती कोण जाणे. आईची बोटं त्याच गालावर होती आणि बोटांना ओल कळली नव्हती.

वनितानं चिकटपट्टीचं टोक दातात धरलं आणि ओढलं.

जातं थांबलं. विजयाआक्कांनी फक्त "वनिता" म्हटलं, पोराला आडाच्या काठावरून हाक मारावी तशा आवाजात. एक मोजा पडला, मग दुसरा. घामानं सुरकुतलेले दोन पांढरे हात बाहेर आले. तिनं ते वाटीत घातले, मनगटापर्यंत, आणि लेकीचं तोंड ओंजळीत धरलं. गाल गरम होता. कानामागं लहानपणी पडल्याचा वण होता, तो बोटाला लागला, अजून तिथंच होता. समीक्षानं डोळे मिटून त्या ओंजळीत सगळं डोकं सोडून दिलं. फुगवट्यावरून वारा आला आणि मांडवातली डहाळी हलली, एवढंच.

दुसऱ्या सकाळी काच लाल झाली. वनितानं पुन्हा हात ठेवला, पुन्हा लाल. सात वर्षांत पहिल्यांदा कडी सरकली नाही. ती दाराबाहेर उभी राहिली आणि तिला नवल वाटलं की इतकी वर्षं आपण आत होतो, आणि आज बाहेर आहोत, तरी छातीवरचं दडपण तेच आहे.

लग्न लागलं, लेक गेली. ढीग निवत गेला. मॅडम आल्या, त्यांनी ढिगात उष्मा मोजायची नळी घातली, आकडा पाहिला आणि नळी पुसून पिशवीत ठेवली. काकडीच्या वेलांची टोकं आत वळली. मिरचीची कळी गळून चरात पडू लागली. बाजाराला जाणाऱ्या पाट्या रिकाम्या उभ्या राहिल्या. वनिताशी कुणी भांडलं नाही. बायका वाट सोडत होत्या, तशाच.

शेवटी विजयाआक्काच बोलल्या, हरितगृहाच्या दारात, चारचौघींसमोर. "चाळीस चुली इझिवल्यास गं. एका गालासाठी."

वनिताचे हात अजून पिवळे होते. ते तिनं लपवले नाहीत. "आक्का, चूल इझली तर सगळ्या घराला धूर दिसतोय. फुकणारी एकलीच हुती, ते कुणाला दिसलं का? मी परत हात घालीन. रांगत जाईन. पण आता पयली मी न्हाई. आधी तुमच्यातली कुणी तरी बसा, मग मी बसते शेजारी, कसं परतायचं ते दावते. पाळी लागली की माझीही पाळी येईल."

"संक्रांत तोंडावर आलीय," शोभा म्हणाली.

"माझ्या बारा संक्रांती तोंडावरनंच गेल्या," वनिता म्हणाली. रागानं म्हणाली नाही, वार सांगावा तसं म्हणाली.

सगळ्या पांगल्या. ढीग आणखी गार झाला. वनिता रोज सकाळी दारात येऊन बसायची, हरितगृहाकडे पाठ करून, कुणाची वाट बघत नसल्यासारखी. एका दुपारी तिला पावलं ऐकू आली. विजयाआक्का होत्या. एकट्या. हातात बेसनाची वाटी. त्यांनी नळाखाली हात धुतले, मग पुन्हा धुतले. नखांच्या कडांतली हळद निघेना, उभा जन्म तिथं मुरलेली. घासून घासून बोटं लाल झाली तरी त्या घासतच होत्या.

"ऱ्हाऊ द्या आक्का, ती आपसूक जाईल."

"किती दिवस?"

"मॅडम म्हणत्यात, तीन म्हैनं."

विजयाआक्का आत आल्या. मॅडमनी कडी उघडीच ठेवायला सांगितली होती. चराशी येऊन त्या उभ्या राहिल्या. साठीच्या जवळ आलेली बाई, ठसठशीत कुंकू, मनगटभर बांगड्या. गावातलं एकही हळदीकुंकू त्यांच्याशिवाय सुरू होत नव्हतं. एका हातानं त्यांनी दुसऱ्या हातातली बांगडी काढली, मग दुसरी. कुणी फोडल्या नाहीत. एकेक काढून त्यांनी पदरात बांधल्या.

"भावजी काय म्हणले?" वनितानं विचारलं.

"इचारलंच न्हाई." मग गुडघे टेकता टेकता त्या पुटपुटल्या, "तुला तरी तवा कुणी इचारलं हुतं?"

दोघींनी हात घातले. ढीग गार होता, ओलसर, मेल्यासारखा. वनितानं आक्कांचं मनगट धरून दाखवलं, असं खालून घ्यायचं, असं वर आणायचं. चराच्या अर्ध्यात त्या थांबल्या आणि म्हणाल्या की एवढ्या लांबवर तू रोज एकटी रांगत होतीस हे मला दारातून कधी दिसलं नव्हतं.

काचेनं त्यांना ओळखलं नाही. रोज सकाळी त्या हात ठेवायच्या आणि काच लाल व्हायची. "गावात मला न वळखणारं हे पयलंच," त्या म्हणायच्या. मागोमाग शोभा आली, ट्रकवरच्या नवऱ्यालाच विचारून. तो फोनवर म्हणाला होता, गाडी ब्रेकवर चालती, हळदीवर न्हाई. मग सुलभाकाकूंची सून आली. वनिताच्या हातावरची हळद उतरली तसा रेघांत दडलेला सोबती परतला, काच तिला पुन्हा हिरवी झाली, आणि बाकीच्यांचे हात तिच्या हातालगत ढिगात उतरू लागले. तो सगळा हंगाम बुडाला, ते काही कुणाला चुकलं नाही. पण फाल्गुनात एका सकाळी ढिगाच्या पोटातून बारीक वाफ निघाली, आणि फरहाना मॅडमनी नळीचा आकडा कुणालाही न सांगता तिथंच ओल्या मातीवर बसकण मारली.

पुढच्या संक्रांतीपर्यंत काच आक्कांनाही हिरवी होऊ लागली होती आणि पाळी त्यांची होती. त्या दुपारी गलांड्यांच्या ओसरीवर बायका वाणाला आल्या. करंडा दरसालासारखा पाटावर होता. विजयाआक्का उंबऱ्यात बसल्या होत्या, दोन्ही हात बाजूंना जरा उचलून, ओल्या रंगाचे असावेत तसे. पदराला नाही, मांडीला नाही, कशालाच न टेकवता. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग विजयाआक्कांनी हनुवटीनंच करंड्याकडे खूण केली.

"वनिता, तू लाव."

वनितानं लावलं. शोभाला, मथुराला, सुलभाकाकूंच्या सुनेला, ओळीनं सगळ्यांना. टिकली सरळ लागत होती. शेवटी ती आक्कांसमोर बसली. समोर ते उचलून धरलेले हात होते, आणि आपल्या हातांकडे आपण कधी बाहेरून पाहिलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. आता हलकं वाटायला हवं होतं. वाटलं, पण दुखत दुखत वाटलं.

"पाडव्यानंतर माझी पाळी," ती म्हणाली. "मी येते. पण आधी लेकीकडं मुक्कामाला जाऊन येते."

"किती दिवस?"

"मन भरंस्तवर."

तिनं बोटावर हळद घेतली आणि आक्कांच्या कपाळाला लावली, वर कुंकू. मग रीतीप्रमाणं विजयाआक्कांचा हात तिच्या कपाळाकडे उचलला गेला, उभ्या जन्माच्या सवयीनं, आणि अर्ध्यात थांबला. तो हात आता ढिगाचा होता. तसाच हवेत धरून त्या क्षणभर बसल्या.

मग विजयाआक्का पुढं वाकल्या आणि त्यांनी आपलं ओलं, हळदीचं कपाळ वनिताच्या कपाळाला टेकवलं.